वाळवंटात गवत ओळखणारं माणूस लागतं

पत्र : माझी मुलगी सोलापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. डिसेंबरात कॉलेजच्या सहलीत जैसलमेरला जाऊन आली आणि तेव्हापासून ‘वाळवंटातल्या प्राण्यांवर काम करायचंय’ हा एकच धोशा. घरचे म्हणतात बी.एड. करून टाक. ती म्हणते, विषय चुकला, प्राणिशास्त्र घ्यायला हवं होतं. एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन ‘वाइल्डलाइफ डिप्लोमा’ आहे, फी पंचेचाळीस हजार. भरावी का? या कामात पोट भरतं का? आणि मुलीच्या जातीनं तिकडे एकटीनं राहायचं कसं? — एक पालक, सोलापूर जिल्हा

नमस्कार.

पंचेचाळीस हजार भरू नका. घरी बसून मिळालेल्या डिप्लोमाच्या जोरावर वन्यजीव प्रकल्पात कुणी घेत नाही. मुलाखतीत विचारतात ते हे की उन्हात किती दिवस काढलेत, आकडे नीट टिपता येतात का आणि कुठली प्रजात खात्रीनं ओळखता. तेच पैसे तिच्या प्रवासाला, एका बऱ्या दुर्बिणीला आणि बुटांना ठेवा.

आता विषयाचं. तिचा विषय चुकलेला नाही. जैसलमेरला तिनं माळढोकाचं नाव नक्की ऐकलं असेल. जगात हे पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. मादी सहसा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी अंगानं जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरतो. २०१९ पासून तिथे माळढोकांचं प्रजनन केंद्र चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही झालं. टीव्हीवर ते पिल्लू दिसतं आणि मुलांना वाटतं, काम म्हणजे हेच. पण ते काम पशुवैद्यकांचं आणि पक्षी सांभाळणाऱ्यांचं.

पुढचा प्रश्न मात्र तुमच्या लेकीच्या विषयाचा आहे: ही पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे? त्यांना मोकळं गवताळ रान लागतं. थरच्या वाळवंटात ते रान म्हणजे मुख्यतः सेवण गवत. या गवताचे ठोंब वाळूत खोल मुळं धरून वर्षानुवर्षं टिकतात, दुष्काळात करडे पडतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोचलं तिथे सेवणाखालची बरीच जमीन शेतीत गेली. उरलेल्या रानात कुठे वेडी बाभूळ घुसते, कुठे सौर प्रकल्प उभे राहतात, तर कुठे चांगल्या हेतूनं झाडं लावली जातात आणि उघड्या रानातल्या पक्ष्याची जागा जाते. कुठल्या तुकड्यात काय उगवतं, किती चरलं जातं, कुंपण घातलं तर किती वर्षांत काय परत येतं, हे सांगणारं माणूस लागतं. माळढोक टोळ-भुंगे खातो तशी बोरं आणि केर नावाच्या काटेरी झुडपाची फळंही खातो. म्हणजे पक्ष्याचा अभ्यास करणाऱ्यालाही शेवटी झुडपाशी यावंच लागतं. माझं स्पष्ट मत असं की या क्षेत्रात प्राण्यांवर जीव असणाऱ्यांची रांग लांब आहे. मे महिन्यात फूल नाही, तुरा नाही, अशा वाळलेल्या गवताच्या बुंध्यावरून नाव सांगणारे फार थोडे.

ते काम कसं दिसतं तेही तिला कळू द्या. दोरी ताणून ठरलेल्या अंतरावर मीटरभराची चौकट जमिनीवर टाकायची. आत जी काही प्रजात असेल ती लिहायची, उंची मोजायची, उघडी वाळू किती टक्के ते अंदाजायचं, जीपीएसवर जागा नोंदवायची आणि पुढच्या चौकटीकडे जायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी पायमोज्यातली कुसळं उपटत सगळे आकडे संगणकात भरायचे. खोकड किंवा चिंकारा दिसला तर बोनस. हे ऐकून तिचा चेहरा पडला तर बी.एड. वाईट नाही, खरंच नाही.

पारख करायला जैसलमेर गाठायची गरज नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य तुमच्याच जिल्ह्यात आहे. माळढोक तिथे आता जवळजवळ दिसत नाही, पण माळ आहे, काळवीट, लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी आहेत. वन विभागाची परवानगी काढून आणि कॉलेजच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन तिनं एका तुकड्यातली गवतं वर्षभर नोंदवावीत. कुसळी, पवन्या, मारवेल यांपासून सुरुवात करावी, नमुने दाबून ठेवावेत. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्पही त्यातच होईल. अशी एक वही मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांना भारी पडते. सोबत संख्याशास्त्र, आकडेमोडीचं ‘आर’ आणि नकाशे करायचं ‘क्यूजीआयएस’ शिकायला सांगा. ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. आपल्याकडच्या मुलांची गाडी अडते ती इथेच.

एम.एस्सी.साठी पहिली नावं देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राचा (एनसीबीएस) वन्यजीव अभ्यासक्रम. जागा मूठभर असतात आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही, म्हणून जाहिरातीवर डोळा ठेवावा लागतो. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधता आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत वन्यजीव संवर्धन हे विषय आहेत. साधं वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करूनही वाट बंद होत नाही. जोधपूरला केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था म्हणजे ‘काझरी’ आहे, शुष्क वन संशोधन संस्था म्हणजे ‘आफ्री’ आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्रही आहे. वाळवंटी वनस्पतींचं एवढं काम देशात दुसऱ्या कुठल्या एका शहरात होत नसेल.

पोटाचं विचारलंत. नेट देऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. संस्था-संघटनांच्या प्रकल्पात सुरुवातीला याहून बरंच कमी मिळतं, शिवाय प्रकल्प संपला की नोकरी संपते. पस्तिशीपर्यंत ही धाकधूक राहते, हे लपवण्यात अर्थ नाही. परदेशी वित्तसंस्थांचं कर्ज घेतलेल्या पवन आणि सौर प्रकल्पांना जैवविविधतेचे अहवाल लागतात. ती कामं करणाऱ्या सल्लागार कंपन्या पैसे बरे देतात, पण तिथे मनाविरुद्धच्या सह्यांचा प्रश्न कधी ना कधी येतो. स्थैर्य हवं असेल तर भारतीय वनसेवा आणि एमपीएससीची महाराष्ट्र वनसेवा, दोन्हींना वनस्पतिशास्त्राची पदवी चालते. भारतीय वनसेवेत मात्र केडर, म्हणजे नेमणुकीचं राज्य, कुठलं मिळेल ते आपल्या हातात नसतं. वाळवंट मागावं आणि मेघालय मिळावं असं होऊ शकतं.

आणखी एक काम वाढतंय. राजस्थानातल्या ओरण म्हणजे आपल्या देवरायांसारख्या देवाच्या नावानं राखलेल्या जमिनी. फरक एवढाच की तिथे गर्द झाडी कमी. गवत, केर, बोर आणि खेजडी, म्हणजे आपली शमी, जास्त. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याला त्यांचं सर्वेक्षण करून नकाशे करायला सांगितलं. वनस्पती ओळखणारी, नकाशा करणारी आणि गुराख्यांशी तासभर बोलू शकणारी माणसं त्यासाठी लागतील. हिंदी तिला येत असेलच, मारवाडी कानावर पडू द्या. चारा कुठल्या साली संपला ते गुराख्याला पाठ असतं, आणि त्याच्या जनावरांचा विचार न करता केलेलं संवर्धन तिथे टिकत नाही.

राहता राहिली काळजी. ती बरोबर आहे. जैसलमेरच्या वाटेवरच्या फलोदीला मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता. मुली तिथे काम करतात, पण सगळ्या प्रकल्पांची सोय सारखी नसते. होकार देण्याआधी तिनं विचारावं: मुक्काम कुठे, संडास-पाण्याची सोय काय, गाडी आणि चालक प्रकल्पाचे आहेत का, मोबाइलला रेंज नसेल तिथे दुसरं कोण सोबत असतं, तक्रार कुणाकडे करायची. हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊच नये. पहिली इंटर्नशिप हिवाळ्यातली घ्यावी, महिन्याभराची.

आणि त्यासाठीचे ईमेल तिला स्वतःला लिहू द्या. वडिलांनी मुलीच्या वतीनं लिहिलेल्या ईमेलला शास्त्रज्ञ सहसा उत्तर देत नाहीत.