पाणी कमी प्यायलं तर किडनीला आराम मिळतो का?

कसला आराम! आमचे चुलत सासरे, म्हणजे काका, दर आंब्याच्या मोसमात हेच सांगतात, म्हणून लिहायला बसले.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला जवळजवळ 99 टक्के परत रक्तात घेतात. तुम्ही घोटभर प्या नाहीतर तांब्याभर, गाळणं चालूच. पाणी कमी पडलं की मेंदूकडून एडीएच नावाचं पाणी राखायला सांगणारं हार्मोन सुटतं, किडनी आणखी पाणी ओढून घेते आणि युरिया, कॅल्शियम, ऑक्झलेट सगळं थोडक्या लघवीत कोंबते. खडे धरायला आणखी काय हवं?

आमची देवगडला हापूसची बाग आहे. मे महिन्यात बायका पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून आंबा निवडायला, पेंढा घालून पेट्या भरायला बसतात. शेड झालं, नवा वजनकाटा आला, मुतारी मात्र नाही. गडी जातात काजूच्या झाडांआड. बायकांना काकांचा सल्ला: "पाणी कमी पियात, म्हंजे सारख्या धावूक लागणा नाय."

माझी धाकटी जाऊ तेच ऐकायची. एकदा पेटीची सुतळी आवळता आवळता कमर धरून उठली. कळ पाठीतून जांघेत उतरत होती. बसवेना, आडवं पडवेना, मग उलट्या. सोनोग्राफीत 5 मिलिमीटरचा खडा निघाला, मूत्रवाहिनी मूत्राशयात शिरते नेमका तिथे. ही नळी आकुंचन पावून लघवी खाली ढकलत असते. वाटेत खडा अडला की ढकलायला जाते आणि जीव घेते, म्हणून कळ थांबून थांबून येते.

एवढा खडा बहुतेकदा आपणहून पडतो, तिचाही पडला. श्रेय काकांनी कुळथाच्या कढणाला दिलं! बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते कढणाने विरघळत नाहीत हो. त्यातलं पाणी पोटात गेलं, तेवढाच उपयोग.

किती प्यावं? लघवी फिकट पिवळी राहील इतकं, उन्हात राबणाऱ्याने त्याहून जास्त. हां, हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर माझं ऐकू नका. आणि कळीबरोबर थंडी-ताप आला तर कढण करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

काका, तुम्हीही वाचालच. गडग्यासाठी आणलेले चिरे उरलेत, गवंडी खालच्या वाडीतच आहे. पाऊस लागायच्या आत शेडमागे मुतारी बांधून घ्या.