वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती आहे, मग शिष्य वेगळा कोण?

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. आजोबांपासून घराणे ख्रिस्ती असून मी दर रविवारी तालुक्याला उपासनेस जातो. हल्ली पाळकसाहेब सांगतात की, नुसते ख्रिस्ती राहू नका, शिष्य व्हा. कोरडवाहू वावर कसणाऱ्या माणसाने आणखी काय करायचे? खरे सांगतो, कापूस वेचणीच्या वेळी मजुरीच्या मापातून ओलाव्याच्या नावाखाली गाठोड्यामागे एक किलो कापण्याची आमच्याकडे रीत आहे आणि मीही ती पाळतो. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादावरून थोरल्या भावाशी चार वर्षे बोलणे नाही. शिवाय, पोळ्याला बैल सजवावेत का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : आपण जाता जाता कबूल केलेल्या दोन गोष्टींपाशीच आपले शिष्यत्व अडलेले आहे, म्हणून त्यांच्याकडे सविस्तर वळतो, तत्पूर्वी शब्दाविषयी थोडेसे. नव्या करारात ‘ख्रिस्ती’ हे नाव अवघे ३ वेळा येते, तर ‘शिष्य’ हा शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो आणि मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘शिकणारा’ असा आहे. अंत्युखिया शहरात शिष्यांना ख्रिस्ती हे नाव मिळाले (प्रेषितांची कृत्ये ११:२६), म्हणजे तिथे शिकणे आधी होते आणि नाव मागून आले. आपल्या जुन्या घराण्यांत नाव जन्मापासून मिळते आणि शिकायचे राहून जाते. रेव्हरंड ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार मिळाला, १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा बंधुसमाज उभारला. बाप्तिस्म्यापाशी त्यांचे शिकणे थांबले नव्हते.

आता कापसाच्या वजनकाट्याकडे येऊ. आपल्या वावरात १० बाया १५ दिवस राबल्या आणि प्रत्येकीचे रोज एकच गाठोडे धरले, तरी कापलेला कापूस १५० किलो होतो. दीड क्विंटल वेचणीची मजुरी आपल्या घरात राहिली. गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीचा व्यापारी हाच ओलावा दाखवून आपला भाव पाडतो, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो, हे इथे लिहीत नाही. माझी आई दुसऱ्याच्या वावरात वेचायला जात असे. संध्याकाळी गाठोडे काट्याला लागले की ती माप सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभी राही, कारण काट्यावरचा आकडा तिला वाचता येत नव्हता. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब आपल्या पत्रात लिहितो (५:४). मला ते वाक्य त्या काट्याखेरीज वाचता येत नाही. जकातदार जक्कयाने येशूला घरी घेतले तेव्हा अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन, असे तो बोलला. आपण निदान या हंगामापासून पुरते माप द्या आणि गेल्या हंगामातले जितके आठवते तितके त्या बायांना नेऊन द्या. शेजारचे शेतकरी ‘तुम्ही भाव बिघडवता’ म्हणून चिडतील, आणि लूक ९:२३ मध्ये ‘दररोज’ उचलायला सांगितलेला वधस्तंभ आपल्या वाट्याला बहुधा याच रूपात येईल. मत्तय आणि मार्क यांनी तेच वचन दिले आहे, पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकात आहे.

पोळ्याविषयी थोडक्यात सांगतो. बैल धुवावेत, खांदे शेकावेत, त्या दिवशी त्यांना जू लावू नये. नीतिमान माणूस आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे (१२:१०) सांगतात. पूजेत भाग घेऊ नये, आणि तसे सांगताना गावातल्या कोणाचा अपमानही करू नये.

राहिला भाऊ. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४), आणि तिथे दोष कोणाचा, हे तो विचारत नाही. समेट म्हणजे हक्काची जमीन सोडणे असे मी मुळीच म्हणत नाही. सरकारी मोजणीसाठी अर्ज अवश्य करा, परंतु नोटीस भावाच्या हाती पडण्याआधी आपण स्वतः त्याच्या ओट्यावर जाऊन बसा, अर्ज करत असल्याचे सांगा आणि वहिनीने चहा दिला तर नाकारू नका. मोजणीच्या दिवशी दोघे मिळून धुऱ्यावर उभे राहा, आणि खूण आपल्या वावरात दोन हात आत आली, तरी दगड तिथेच रोवू द्या.