नाशिकमध्ये राहून जॅझ गायिका-संगीतकार म्हणून परदेशात करिअर होऊ शकतं का?

होतं, पण नाशिकमध्ये बसून नाही, निदान सुरुवातीची वर्षं तरी नाही. तुम्ही लिहिलंय की वय २४, विशारद झालंय आणि घरचे म्हणतात "शास्त्रीय पक्कं आहे ना, मग जॅझ काय, सहज येईल". खरं सांगू, या एका वाक्यामुळे लिहायला बसलो.

माझी मावसबहीण हेच करते, युरोपात गाते, गाणी स्वतःची स्वतः लिहिते. नाव टाकत नाही, तिला आवडणार नाही. मी कीबोर्डवाला, लग्नाचे ऑर्केस्ट्रा वगैरे. तिच्या पहिल्या जॅम सेशनला (आयत्या वेळी जमून वाजवायची बैठक) सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला मीच सोबत गेलो होतो. तिथल्या गोव्याच्या बेसवाल्याने विचारलं, कुठल्या की (पट्टी) मध्ये? ही म्हणाली, काळी चार. त्याने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं ए फ्लॅट. मग त्याने विचारलं इंट्रो किती बारचा (बार म्हणजे साधारण चार मात्रांचा तुकडा), सोलो कोण कोण घेणार, शेवट कसा करायचा. ही गप्प, कारण आपल्याकडे गायक नेईल तिकडे साथीदार येतात, असं आधी कोण ठरवतं?

गाण्याचा मुखडा सुरेख झाला. मग सोलोत बाईंनी मस्त आलाप लावला आणि मध्यमावर जाऊन बसल्या. चार नंबरच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीनचार सूर, ही मध्यमावर उभी) तो मध्यम मधासारखा लागला, पुढच्या बारला कॉर्ड घरी, म्हणजे सा वर, परतली आणि तोच मध्यम असा खुपायला लागला की पियानोवाल्याने मान खाली घातली. तानपुऱ्यावर सा हलत नाही हो, जॅझच्या काही गाण्यांत दर दोन मात्रांनी खालची जमीन बदलते. गाण्याचे बत्तीस बार संपले, बँड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, ही अजून तिथेच लटकलेली, आणि समेला सांभाळून घेणारा तबलजी तिथे नसतो.

परतीच्या गाडीत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गंगापूर रोडला हजर, म्हणे फक्त कॉर्ड वाजव, मी प्रत्येक कॉर्डचा गंधार आणि निषाद गाऊन दाखवते. कित्येक महिने हेच. जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डचे स्कॅट (शब्दांशिवाय नुसत्या बोलांवर गायलेले सोलो) कानाने उतरवून काढले, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची सवय लावली, पियानो शिकली. तर सहज येत नाही. गळा तयार असतो, कान नव्याने तयार करावा लागतो.

आता आमचे मामा. पंचवटीत हार्मोनियमचे क्लास घेतात आणि अजूनही पाहुण्यांना सांगतात "ती हॉटेलात गाते". आता सी. रामचंद्र म्हणजे मामांचं दैवत, "आपले पुणतांब्याचे", १९५१ च्या अलबेलाची गाणी तर तोंडपाठ. त्यात जो बँड दिसतो तो चिक चॉकलेटचा, गोव्याचा ट्रम्पेटवाला, मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवायचा. म्हणजे हॉटेलातच ना! मग त्याचं चालतं आणि भाचीचं नाही?

करिअरचं विचारलंत तर ठरलेली वाट नाही. आशा पुथली मुंबईची, हिंदुस्तानी शिकलेली, मार्था ग्रॅहमकडे नाच शिकायच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेली आणि जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९७२ च्या अल्बमवर दोन गाणी गायली. अमेरिकन गायिका सेसिल मॅक्लोरिन साल्व्हांट २००७ ला फ्रान्समध्ये कायदा शिकायला गेली, जॅझ तिथे सापडलं, २०१० ला थेलोनियस मंक ही जॅझची मोठी स्पर्धा जिंकली. स्पर्धा, शाळा, जॅम, कुठूनही शिरा, पण तुमच्याहून भारी वाजवणाऱ्यांमध्ये शिरा.

आणि स्वतःची गाणी लिहाच. जुनी स्टँडर्ड्स (सगळेच गातात ती ठरलेली जॅझ गाणी) गाणाऱ्या शेकडो आहेत. गाणं लीड शीटवर उतरवता आलं पाहिजे, एका पानावर सूर आणि वर कॉर्ड, म्हणजे अनोळखी बँडसमोर ठेवलं की वाजलं पाहिजे. आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आपली संस्था) सदस्यत्व घ्या, परदेशातल्या कार्यक्रमाची सेटलिस्ट (गायलेल्या गाण्यांची यादी) तिथल्या तशाच संस्थेकडे गेली तर रॉयल्टी फिरून तुमच्यापर्यंत येऊ शकते, आपली पोरं हे करतच नाहीत. तिकडचे आयोजक साडी नेसा, तानपुरा आणा म्हणतील. आमच्या बाईने सरळ नाही म्हटलं, काही कामं गेली, गेली तर गेली. तुम्हाला साडी आवडत असेल तर नेसा बापडे, माझं काही म्हणणं नाही.

बाकी पैसा सुरुवातीला शिकवण्यातून येतो, तिचाही बराचसा तसाच येतो, आणि युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० च राहता येतं, शिवाय पैसे घेऊन गायचं तर कामाच्या परवानगीचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे, ते आधी बघा. घरून थोडा आधार नसेल तर वर लिहिलेलं सगळं दुप्पट अवघड. मामा हे वाचणार नाहीत, पण त्यांची सून रोज इथे असते. वहिनी, जेवणं झाली की मोठ्याने वाचून दाखवा.