लकव्यानंतर आखडलेला हात ड्राय नीडलिंगने सैल होतो का?

होतो, पण बहुतेकदा तात्पुरता. यात औषध नसतं. बारीक, भरीव सुई थेट ताठरलेल्या स्नायूत घालतात. नेमक्या जागी लागली की स्नायू आतल्या आत क्षणभर फडफडतो. मग घट्ट मिटलेली मूठ एकेक बोट करून उघडताना कमी जोर लागतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ती उघडलेली मूठ पाहून घरच्यांचे डोळे भरून येतात, म्हणूनच स्पष्ट सांगते: ताठरपणाचं मूळ मेंदूतल्या इजेत आहे आणि सुई तिथवर पोचत नाही. ताठरपणा मोजायची अ‍ॅशवर्थ श्रेणी ० ते ४ असते. ती काही काळ उतरते, पण म्हणून त्या हाताने घास घेता येईलच असं नाही. हात सैल आहे तेवढ्यात ताणाचे व्यायाम, पेला धरायचा सराव करून घ्या. खरी कमाई तिथे आहे. बोटॉक्सचा (ताठर स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा) परिणाम साधारण ३ महिने टिकतो, त्याबद्दलही न्यूरॉलॉजिस्टना विचारा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील (लकव्यानंतर बऱ्याचदा असतात) तर आधीच सांगा. आणि छाती-खांद्याजवळची सुई अनुभवी हातांकडूनच घ्या, तिथे फुप्फुसाला इजा होऊ शकते.