घाटात गाडी गरम होते, गॅरेजवाले हेड खोलायचं म्हणतात. आधी घरी काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की गाडी दहा-अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, शहरात तापमानाचा काटा मध्यावर असतो, घाट चढताना मात्र लाल पट्ट्याला टेकतो. गॅरेजवाल्यांच्या मते हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधली सील) गेलंय. त्यांना लगेच हो म्हणू नका. त्यांचं म्हणणं खरंही निघेल, पण त्याआधी एक सकाळ गाडीला दिलीत तर बरंच काही कळेल.

सकाळ अशासाठी, की हे सगळं रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवरच करायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, जाड फडकं धरूनही नाही. आतलं पाणी 100 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. झाकण सैल झालं की त्याची त्याच क्षणी वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

गाडी कधी गरम होते, यावरून अर्धं निदान होतं. सिग्नलला उभं असताना काटा चढत असता तर मी फॅन बघायला सांगितलं असतं. एसी लावल्यावर फॅन फिरायला हवा, नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघायचं. तुमचं तसं दिसत नाही. चढावर इंजिन जोर लावतं, उष्णता भरपूर तयार होते, आणि ती बाहेर न्यायला एकतर पाणी कमी पडतंय किंवा ते नीट फिरत नाहीये.

माझ्याही गाडीचं अगदी हेच होतं. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात, मे महिन्यात, गाडीत चार माणसं आणि मागे आई. अर्ध्या घाटात काटा वर गेला. कडेला थांबून बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत (रेडिएटरमधलं जादा पाणी जिथे साठतं) गुडगुड आवाज येत होता आणि बाटली काठोकाठ भरलेली. पाणी तर आहे, असं समजून मी निर्धास्त झालो. त्याआधी गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व) बदलून झाला होता, रेडिएटर साफ करून झाला होता, तरी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच बाटली सोडून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पाणी दिसेचना. दीड लिटर ओतल्यावर ते काठाशी आलं. जेमतेम चार-साडेचार लिटर पाणी मावणाऱ्या गाडीत दीड लिटर कमी!

दोष झाकणाचा होता. उलटं करून पाहिलं तर आतली रबराची रिंग कडक झालेली, नख दाबलं तरी रुतत नव्हतं, आणि कडेला केसाएवढी बारीक चीर. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, नुसती वाफ जात राहते, तसंच हे. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण वर एक बार दाब असला की 120 पर्यंत टिकतं. त्यात निम्मं कूलंट (पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव) असलं की आणखी वर. रिंग गेली की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीत फेकलं जातं. गाडी थंड होताना ते परत रेडिएटरमध्ये ओढलं जायला हवं, पण चिरेतून हवाच आत येते. म्हणून बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. 280 रुपयांच्या नव्या झाकणावर तो घाट मी नंतर कितीदा तरी चढलोय.

तेव्हा तुम्हीही आधी तेच बघा. रेडिएटरमध्ये पाणी काठापर्यंत आहे का, रिंग मऊ आहे का. रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या दोन रबरी होज पाइपांपैकी वरचा चपटा झालेला दिसला तर झाकणातला परतीचा वॉल्व अडकलाय. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाचं झाकण बाटलीवर असतं. तिथे त्याची रिंग बघायची. मग पाणी भरून बाटलीच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. पातळी उतरत गेली तर होजची टोकं, रेडिएटरचे कोपरे आणि वॉटर पंप (गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात) इथे वाळलेल्या कूलंटचे रंगीत किंवा पांढरट डाग शोधा. बोअरचं पाणी मात्र कधीही ओतू नका. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात.

पाणी पुरेसं असेल तर थर्मोस्टॅट. गाडी गरम झाल्यावर इंजिन बंद करून, फॅनपासून हात लांब ठेवून (तो बंद गाडीतही फिरू शकतो) दोन्ही होज चाचपा. वरचा चटका देतोय आणि खालचा गारच आहे, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा रेडिएटर तुंबलाय. थर्मोस्टॅट काढता आला तर दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून पाणी तापवा. साधारण 82 ते 88 अंशांना तो उघडू लागतो. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. कूलंट विषारी असतं, चवीला गोड लागत असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून सांडलेलं लगेच धुऊन टाका.

रेडिएटरची जाळीही टॉर्च लावून बघा. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत माती आणि किडे साचतात, ते समोरून दिसत नाहीत. पाणी इंजिनकडून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने मारा.

तोवर घाटात जावंच लागलं तर एसी बंद ठेवा आणि काटा चढायला लागला की हीटर पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा. इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर येते. हीटरमधून गार हवा आली तर पाणी संपलंय, तिथेच थांबा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

आता हेड गॅस्केट. थंड गाडीत झाकण काढून इंजिन चालू करा. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, पण ते थांबेचनात, किंवा झाकण लावल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर गॅरेजवाल्यांची शंका रास्त आहे. डिपस्टिकवर (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) तेल दुधाळ चहासारखं दिसलं तरी तेच. फक्त तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय असेल तर घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या की दमटपणामुळे ती धरते. तरीही हेड खोलण्याआधी रेडिएटरच्या तोंडावर धुराची चाचणी करून मागा. इंजिनातला धूर पाण्यात मिसळत असेल तर नळीतलं निळं द्रव पिवळं होतं. ते निळंच राहिलं आणि तेलही स्वच्छ असलं, तर हेडला हात लावू देऊ नका. दुसऱ्या गॅरेजात रेडिएटर आतून तुंबलाय का आणि वॉटर पंप पाणी फिरवतोय का, ते आधी तपासून घ्या.