बोट, आगगाडी आणि दोन मोठ्या बॅगा : ऱ्हाईनकाठच्या प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी, माझे यजमान आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे आम्ही तिघे जूनमध्ये जर्मनीला जाणार आहोत. फ्रँकफर्टमध्ये दोन रात्री राहून पुढे कोलोनला मुक्कामाला जायचे आहे. मधल्या दिवशी ऱ्हाईन नदीतून बोटीने फिरण्याची सासूबाईंची फार इच्छा आहे. सोबत दोन मोठ्या चाकांच्या बॅगा आणि एक छोटी बॅग असेल. हे सामान घेऊन एकाच दिवसात आगगाडी आणि बोट असा दोन्हींचा प्रवास जमेल का? सामान कुठे ठेवावे?

उत्तर : जमेल, मात्र मार्ग आधी ठरवून सामानाचे मागाहून पाहू, असा क्रम ठेवू नये. या प्रवासात सामान कुठे राहणार हे आधी ठरवावे आणि मार्ग त्यावरून ठरवावा. नदीचा सर्वांत देखणा भाग बिंगेन आणि र्यूडेसहाइमपासून कोब्लेंत्सपर्यंतचा, सुमारे ६५ किलोमीटरचा आहे. २००२ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. या पट्ट्यात डोंगर दोन्ही बाजूंनी नदीला भिडलेले आहेत आणि दोन्ही काठांवरून लोहमार्ग जातो. त्यामुळे बोटीतून उतरल्यावर स्थानक कधीच फार लांब नसते. फ्रँकफर्टहून कोलोनला जाणारी अतिवेगवान गाडी मात्र या खोऱ्यातून जात नाही. तिच्यासाठी २००२ मध्ये डोंगरांमधून वेगळा मार्ग सुरू झाला. तिकीट काढताना संगणक सर्वांत जलद गाडी पुढे करतो आणि प्रवाशाला नदी दिसतच नाही, म्हणून तिकीट माइंत्स आणि कोब्लेंत्समार्गे आहे याची खात्री करून घ्यावी.

आपल्यासाठी मी पुढील क्रम सुचवेन. सकाळी लवकर फ्रँकफर्टहून निघून थेट कोब्लेंत्सच्या मुख्य स्थानकावर उतरावे. या प्रवासाला साधारण दीड तास लागतो. तिथल्या लॉकरमध्ये दोन्ही मोठ्या बॅगा ठेवाव्यात आणि पाण्याची बाटली, औषधे, पासपोर्ट आणि एखादे उबदार वस्त्र एवढेच छोट्या बॅगेत घेऊन डाव्या (प्रवाहाच्या दिशेने पाहताना डाव्या हाताच्या) काठावरच्या स्थानिक गाडीने बिंगेनला परत यावे. जर्मन वेळापत्रकात ही गाडी आरबी २६ या क्रमांकाने दिसते. ती सर्व स्थानकांवर थांबते आणि बिंगेनला पोहोचायला तिला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. बिंगेनहून बोटीने प्रवाहाच्या दिशेने सांक्ट गोआर किंवा बोपार्डपर्यंत यावे, तिथून गाडीने वीस ते तीस मिनिटांत कोब्लेंत्स गाठावे, बॅगा घ्याव्यात आणि तासाभरात कोलोन.

आलेल्या वाटेने पुन्हा मागे जाणे प्रथमदर्शनी वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु या क्रमात मोठ्या बॅगा दिवसभरात फक्त फ्रँकफर्ट, कोब्लेंत्स आणि कोलोन या मोठ्या स्थानकांवरच उचलाव्या लागतात. छोट्या स्थानकांवरील जिने, धक्क्याकडे जाणारे दगडी रस्ते आणि बोटीवर चढण्याचा उतार या तिन्ही ठिकाणी आपले हात मोकळे राहतात आणि ते सासूबाईंना आधार द्यायला उपयोगी पडतात. मला स्वतःला हे फार महत्त्वाचे वाटते. ज्येष्ठ व्यक्ती सोबत असताना आपला एक हात बॅगेत अडकलेला असेल, तर त्यांच्या पावलांकडे आपले लक्ष राहत नाही.

बोटीची दिशा काळजीपूर्वक निवडावी. ऱ्हाईन इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिचा प्रवाह जोरदार आहे. बिंगेन ते सांक्ट गोआर हे अंतर बोट प्रवाहाबरोबर सुमारे दीड तासात कापते. तेच उलट दिशेने अडीच तासांहून अधिक घेते. वेळापत्रकात ‘टालफार्ट’ म्हणजे प्रवाहाबरोबर आणि ‘बेर्गफार्ट’ म्हणजे प्रवाहाविरुद्ध. हे दोन शब्द लक्षात ठेवले तर तक्ता वाचताना गोंधळ होत नाही. संथपणे पाहायचे असेल आणि हाताशी वेळ असेल तर प्रवाहाविरुद्धचा प्रवासही सुंदर असतो, पण सामान कोब्लेंत्सला आणि मुक्काम कोलोनला असताना तो निवडू नये.

अर्ध्या रस्त्यातच उतरलो तर काही राहून जाईल का, अशी शंका आपल्याला येईल. किल्ल्यांची खरी दाटी बिंगेन आणि सांक्ट गोआरच्या मध्येच आहे. बिंगेनजवळच्या छोट्या बेटावरचा उंदीर-मनोरा, काउबसमोर नदीच्या मधोमध उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन हा जकातीचा किल्ला, आणि सांक्ट गोआरच्या थोडे अलीकडे, नदी जिथे अरुंद होऊन वळते तिथला १३२ मीटर उंचीचा लोरेलायचा कडा हे सारे याच दीड तासात येते. आगगाडीतून हा कडा नीट पाहता येत नाही, कारण त्याच सुमारास गाडी बोगद्यांमध्ये शिरते. बोटीत बसल्यावर काठांवरच्या मोठ्या आकड्यांच्या पाट्यांकडे लक्ष द्यावे. कोन्स्टान्त्सच्या पुलापासून मोजलेले ते नदीचे किलोमीटर आहेत आणि प्रवाहाबरोबर ते वाढत जातात. लोरेलाय साधारण ५५४ च्या पुढे येते. सासूबाईंना हे आकडे सांगून ठेवले तर पुढे काय येणार हे त्यांना स्वतःच ओळखता येईल.

बिंगेनबाबत एक विशेष सूचना आहे. या गावात दोन स्थानके आहेत. ‘बिंगेन हाउप्टबानहोफ’ हे मुख्य स्थानक गावाच्या एका टोकाला असून तिथून बोटीच्या धक्क्यापर्यंत चालायला वीसएक मिनिटे लागतात. ‘बिंगेन श्टाट’ हे दुसरे स्थानक मात्र नदीकाठीच, धक्क्याच्या अगदी जवळ आहे. मुख्य म्हणजे मध्यवर्ती असणार, या समजुतीने मी पहिल्या खेपेस मुख्य स्थानकावर उतरले होते आणि डोळ्यांदेखत बोट निघून गेली. पुढची बोट येईपर्यंतचा वेळ वाया गेला. आरबी २६ दोन्ही स्थानकांवर थांबते. आपण श्टाटलाच उतरावे.

लॉकरविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण या योजनेचा सारा भार त्यावर आहे. जर्मन स्थानकांवर त्यांच्या दिशादर्शक पाट्यांवर ‘श्लीसफाख’ असे लिहिलेले असते. कोब्लेंत्स, माइंत्स, फ्रँकफर्ट आणि कोलोन या मोठ्या स्थानकांवर ते आहेत. बाखाराख किंवा सांक्ट गोआरसारख्या छोट्या स्थानकांवर त्यांची अपेक्षा ठेवू नये. लॉकरचे भाडे चोवीस तासांच्या हिशेबाने आकारले जाते आणि जास्तीत जास्त ७२ तास सामान ठेवता येते. मोठ्या आकाराचे कप्पे संख्येने कमी असतात आणि उन्हाळ्यात ते सकाळीच भरतात, म्हणूनच वर लवकर निघण्याचा आग्रह धरला आहे. खिशात सुटी युरो नाणी ठेवावीत. कप्प्याचा क्रमांक आणि मिळालेली चिठ्ठी यांचे छायाचित्र काढून ते दोघांच्याही फोनमध्ये ठेवावे. मोठा कप्पा मिळाला नाही तर दोन छोट्या कप्प्यांत सामान विभागता येईल, अशा बेताने बॅगा भरणे अधिक शहाणपणाचे. कोलोनच्या मुख्य स्थानकावरची व्यवस्था निराळी आहे. तिथे बॅग यंत्राच्या कप्प्यात ठेवली की ती आपोआप तळघरात जाते आणि चिठ्ठी दाखवल्यावर परत वर येते. त्यामुळे तिथली चिठ्ठी हरवणे फार त्रासाचे ठरते.

तिकिटांबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात. कोब्लेंत्स ते बिंगेन आणि नंतर सांक्ट गोआर ते कोब्लेंत्स या स्थानिक गाड्यांच्या प्रवासासाठी ‘र्‍हाइनलांड-फाल्त्स तिकीट’ हे दिवसभराचे तिकीट सोयीचे पडते. ते पाच जणांपर्यंतच्या गटाला एकत्र काढता येते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालते आणि वेगवान गाड्यांत चालत नाही. बोटीचे तिकीट त्यात येत नाही, ते वेगळे काढावे लागते. दुसरी गोष्ट अशी, की कोब्लेंत्स ते कोलोन या शेवटच्या टप्प्यासाठी विशिष्ट गाडीलाच बांधलेले स्वस्त तिकीट घेऊ नये. बोटीला उशीर होऊ शकतो, धक्क्यावर गर्दी होते, सासूबाईंना थोडे थांबावेसे वाटते. अशा वेळी हुकलेल्या गाडीची चिंता बोटीतल्या आनंदावर पाणी फिरवते.

प्रश्न : आम्ही दोघे तरुण आहोत आणि मागे परत येण्यापेक्षा सामान सोबत घेऊनच बोटीत बसण्याचा विचार आहे. बोटीत बॅगा नेऊ देतात का? सामानाचे वेगळे पैसे पडतात का?

उत्तर : ऱ्हाईनवरच्या नेहमीच्या प्रवासी बोटींत प्रवासी बॅगा घेऊन चढताना सर्रास दिसतात. सर्वांत जुनी कंपनी कोलोन-ड्यूसेलडॉर्फर, म्हणजेच वेळापत्रकांवर दिसणारी ‘केडी’. तिचा इतिहास १८२६ पर्यंत मागे जातो. बोटीत सामान ताब्यात घेणारी खिडकी नसते, त्यामुळे बॅग कुठे ठेवायची आणि तिच्यावर लक्ष कसे ठेवायचे, हे आपणच पाहायचे असते. वरच्या उघड्या मजल्यावर जाणारे जिने अरुंद असतात. मोठी बॅग खालच्या मजल्यावर भिंतीलगत, येण्याजाण्याच्या वाटेत येणार नाही अशी ठेवावी आणि वर जाताना मौल्यवान वस्तू सोबत घ्याव्यात. आपण दोघेच असाल तर एकाने वर आणि एकाने खाली, असे आळीपाळीने बसणे सोपे आहे. सायकल असेल तर मात्र तिचे भाडे वेगळे पडते.

खरी अडचण चढण्या-उतरण्याची आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. धक्का म्हणजे पाण्यावर तरंगणारा तराफा असतो आणि किनाऱ्यापासून त्याच्यावर जाणारी फळी पाण्याच्या पातळीप्रमाणे वर-खाली होते. नदीला पाणी भरपूर असेल तर ती जवळजवळ सपाट असते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरले की तीच चांगली तिरपी होते आणि वीस किलोची बॅग तिच्यावरून खाली नेताना मागे ओढून धरावी लागते. बोट थांब्यावर अगदी थोडा वेळच थांबते. म्हणून आपला थांबा येण्याच्या दहा मिनिटे आधी खाली येऊन बॅगेसह दाराजवळ उभे राहावे.

आणखी एक खबरदारी घ्यावी. बिंगेन आणि र्यूडेसहाइममध्ये एकापेक्षा अधिक कंपन्यांच्या बोटी लागतात, त्यांचे धक्के एकमेकांपासून वेगळे असतात आणि एकीचे तिकीट दुसरीत चालत नाही. सामान ओढत एका धक्क्यावरून दुसऱ्यावर जाण्यापेक्षा तिकिटावरचे कंपनीचे नाव धक्क्यावरच्या पाटीशी आधीच ताडून पाहावे. तसेच, काठ बदलायचा असेल तर पूल शोधू नये. माइंत्स-वीसबाडेन आणि कोब्लेंत्स यांच्या दरम्यान नदीवर एकही पूल नाही. सांक्ट गोआर, काउब, बोपार्ड अशा ठिकाणी गाड्या आणि माणसे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत, पण त्या वापरल्यास बॅगा आणखी दोनदा चढवाव्या-उतरवाव्या लागतील. आपण डाव्या काठावरच चढून डाव्या काठावरच उतरावे असे मी सुचवेन. उजव्या काठावरच्या लोहमार्गाची मोठी दुरुस्ती २०२६ च्या उत्तरार्धात करण्याचे नियोजन असल्यामुळेही हा सल्ला लागू पडतो.

उतरण्यासाठी सांक्ट गोआर आणि बोपार्ड यांपैकी बोपार्ड निवडल्यास बोटीत आणखी पाऊण-एक तास मिळतो. दोन्ही ठिकाणी धक्क्यापासून स्थानक चालत जाण्याजोगे आहे. छोट्या स्थानकांवर एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला कधी फक्त जिनाच असतो. जर्मन रेल्वेच्या स्थानक-माहितीत लिफ्ट आहे का आणि त्या दिवशी ती चालू आहे का हे दिसते. ते आदल्या रात्रीच पाहून ठेवावे. कोब्लेंत्सपर्यंत बोटीनेच जाण्याचा मोह टाळावा, कारण तिथला धक्का आणि मुख्य स्थानक यांच्यामधले अंतर बॅगा ओढत चालण्याजोगे नाही, बसच घ्यावी लागते.

प्रश्न : आम्हाला सुट्टी नोव्हेंबरमध्येच मिळते. तेव्हा बोटी असतात का? आणि नदीला पाणी कमी असल्याच्या बातम्या येतात, त्याचा परिणाम होतो का?

उत्तर : नेहमीच्या बोटींचा हंगाम साधारणतः एप्रिल ते ऑक्टोबर असा असतो. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यावर प्रवास आखू नये. आगगाडीने मात्र हे खोरे वर्षभर पाहता येते. माइंत्सहून कोब्लेंत्सकडे डाव्या काठाने जाताना उजव्या हाताच्या खिडकीजवळ बसावे.

पाण्याच्या पातळीसाठी काउब येथील मापकाचे आकडे पाहतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे अवघ्या २५ सेंटिमीटरची नोंद झाली होती आणि २०२२ च्या ऑगस्टमध्येही पातळी फार खाली गेली होती. हा आकडा वाचून नदी कोरडी पडली असे समजू नये. तो मापकाच्या शून्यापासून मोजलेला असतो आणि जहाजांच्या मार्गातली प्रत्यक्ष खोली त्याहून मीटरभर तरी अधिक असते. अशा काळात मोठी मालवाहू जहाजे अर्धी भरून जातात आणि प्रवासी बोटींचे काही थांबे रद्द होऊ शकतात. पूर आल्यासही वाहतूक थांबते. काउबला पाणी ६४० सेंटिमीटरला पोहोचले की जहाजांना बंदी असते. म्हणून हंगामात जाणार असाल तरी आदल्या संध्याकाळी कंपनीच्या संकेतस्थळावर सूचना पाहावी आणि बोट रद्द झाली तर धक्क्याजवळच्या स्थानकावरून सुटणारी पुढची स्थानिक गाडी कोणती, हे कागदावर लिहून सोबत ठेवावे.