इंजिनाचा खालचा भाग (क्रँक बसतो तो) घरी बांधतोयस तर

भाऊ, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) उतरवण्याआधी मेन कॅपवर (क्रँकला धरून ठेवणाऱ्या झाकणांवर) नंबर आणि दिशा कोरून घे. कॅप बसवूनच बोअर (क्रँक बसायचं भोक) कापलेलं असतं, त्यामुळे अदलाबदल चालत नाही.

जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) मायक्रोमीटरने मोज, पण जळगावच्या मे महिन्यात भरदुपारी पत्र्याखाली नको. लोखंड फुगतं, माप खोटं येतं. क्रँक आणि मायक्रोमीटर रात्रभर शेजारी ठेव, पहाटे मोज. क्रँक घासायला दिलास तर ०.२५ मिमी अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या जर्नलसाठीचं) बेअरिंग आधीच आणू नकोस. घासून आल्यावर माप बघ, मग दुकान गाठ.

बेअरिंगची पाठ कोरडी, आतल्या बाजूला तेल. (उलटं करणारे मिस्तरीही आहेत.) प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरव, जड लागला की तिथेच थांब. टॉर्क (बोल्ट कसायचा जोर) मॅन्युअलप्रमाणेच. धूळवारा सुटला तर सगळं झाकून ठेव.